डाव्या बाहीचा लॉट

५ डिसेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. बाबांच्या स्वेटरची डावी बाही लोकरीवाचून अडली आहे, आणि वीस तारखेला छापखान्यातल्या त्यांच्या निवृत्तीच्या निरोप समारंभाला त्यांनी तो घालावा असा तुझा हट्ट. मी लोकरीच्या गोदामात लागलोय, तेव्हा राखी रंगाचे चार गुंडे म्हणजे काय मोठी गोष्ट? सोबत पाठवतो आहे.

इथे 'लॉट' हा शब्द शंभरदा कानावर पडतो. लोकरीचा लॉट, खोक्यांचा लॉट, भंगाराचा लॉट. मुकादम तर आम्हालाही 'सोमवारचा लॉट' म्हणतो, कारण आम्ही सातजण सोमवारी लागलो. त्यातला एक आधी बोटीवर स्वयंपाकी होता, त्याने एकदा कप्तानाला... ते राहू दे. बाबा माझं नाव काढतात का?

लोभ आहेच, त्यात कपात नसावी.
तुझा भोवरा

१० डिसेंबर

चि. भोवऱ्यास अनेक आशीर्वाद.

दिवसभर लॉट लॉट ऐकतोस आणि गुंड्याच्या पट्टीवरचा आकडा वाचत नाहीस, धन्य आहेस. एका वेळी एका हंड्यात रंगवलेली लोकर म्हणजे एक लॉट. माझा ४१७, तू पाठवलास ५०२. हा राखी निळसर आहे. विणून लावला तर बाबांनी हात उसना आणलाय असं वाटेल.

नाव काढत नाहीत. त्यांनी लावून दिलेली छापखान्यातली नोकरी टाकून तू गेलास त्याला वर्ष झालं, अजून तू 'तो'च आहेस. मात्र पोस्टमन आला की चष्मा शोधायला लागतात. ४१७ मिळतो का बघ.

जेवत जा, आणि माझ्यावर जीव असू दे.
ताई

१३ डिसेंबर

ती. ताईस सा. न.

मुकादम म्हणाला, ४१७ कधीच संपला. मी मफलरात तोंड खुपसून बसलो आणि तेव्हा कुठे ट्यूब पेटली. घरातून निघताना तू दिलेला हा मफलर बाबांच्या स्वेटरसाठी आणलेल्या त्याच लोकरीचा. दुपारच्या सुट्टीत उसवला. स्वयंपाकी दोन्ही हात पुढे करून बसला, मी त्यांवर धागा गुंडाळत गेलो. साडेतीन गुंडे भरले. ट्रकच्या टपावर फार हिंडलाय, धुऊन घे. मानेला वारा लागतो, पण बाबांना सांगू नकोस.

माया पातळ होऊ देऊ नये.
भोवरा

२१ डिसेंबर

चि. भोवऱ्यास आशीर्वाद.

लॉट तोच, पण तुझ्या अंगावर उन्हाने विटलेला. डावी बाही चांगलीच फिकी दिसते. बाबांनी कारण विचारलं, मला थाप जमली नाही. सगळं सांगितलं. तरी काल ते स्वेटर घालूनच गेले. तिथे कुणीतरी बाहीवरून चेष्टा केली, तर म्हणाले, एकाच लॉटची आहे, ही जरा जास्त फिरून आली.

घरी आल्यावर त्यांनी तुझे ५०२ चे गुंडे माझ्यापुढे ठेवले आणि विचारलं, यात त्याचा मफलर होईल ना. मी म्हटलं, होईल, पोस्टाने पाठवते. तर म्हणाले, पोस्टाने नको, मापाला त्याला यावं लागेल.

मफलराला माप कसलं, हे मी विचारलं नाही. तूही विचारू नकोस. ये.

तुझी वाट पाहणारी,
ताई