रक्तात सापडलेले शेंगदाणे

दिंडोशी, गोरेगाव (पूर्व)

आदरणीय सुंदराआत्या,

सविनय जयभीम. आम्ही इकडे ठीक आहोत, मनाली जरा जास्तच ठीक आहे. तुझे गुडघे कसे आहेत? (मलम लावतेस, की नुसतं उशाशी ठेवतेस?)

हे फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर तू माझं ऐकून घेत नाहीस. आमच्या सोसायटीत एका संशोधन संस्थेची माणसं येऊन घराघरातून रक्त घेऊन गेली. दाण्यांना बुरशी लागली की तिचं विष आपल्या पोटात जातं, लिव्हरला त्रास देतं आणि रक्तातल्या प्रथिनाला चिकटून बसतं. त्यामुळे रक्त तपासलं की गेल्या दोन-तीन महिन्यांत कोणी ते किती गिळलंय ते बाहेर येतं. मनालीचं अगदी किरकोळ निघालं, आमच्या छोट्या नीलमचंही. माझं मात्र एवढं, की त्यांच्या डॉक्टर दर्शनाबाई स्वतः घरी आल्या.

झालं! मनालीने तू पाठवलेलं शेंगदाण्यांचं पोतं थेट दाराबाहेर, चपलांशेजारी ठेवलं. म्हणाली, "आत्यांना सांग, यापुढे पाठवू नका." मला भयंकर राग आला. तिघं एकाच पोत्यातलं खातो, मग मी एकटाच कसा सापडलो, म्हणून मी बाईंशी हुज्जत घातली. त्यांनी डब्यातले निवडलेले दाणे तपासायला नेले, ते चांगले निघाले. मग त्यांनी विचारलं, निवडून काढलेले काळे, सुरकुतलेले दाणे कुठे जातात? मनाली म्हणाली, कचऱ्यात. मी पंख्याकडे बघत बसलो. (ते कचऱ्यात कधी पोचतच नाहीत. भाजून, मीठ लावून मी मॅच बघताना खातो. अन्न टाकवत नाही.) शेवटी कबूल केलं. बाई म्हणाल्या, जवळजवळ सगळं विष त्या मूठभरातच असतं, भाजूनही जात नाही. ते खाणं बंद करा आणि पुन्हा रक्त तपासू. मनालीने पोतं आत घेतलं. माझ्याशी अजून बोलत नाही.

तुझा,
प्रबुद्ध

ता. क. दाणे पाठवत राहा. मनालीचाच निरोप आहे, नीलमकरवी आलेला.

आणखी एक. ही सवय कुठून लागली, असं बाईंनी विचारलं तेव्हा मी तुझं नाव घेतलं नाही. पण आत्या, चांगले दाणे निवडून आम्हाला पाठवून (नजरेतून सुटलेले थोडे काळे सोडले तर) बाकी काळ्यांची चटणी तू आयुष्यभर स्वतः खात आलीस. माझ्या रिपोर्टपेक्षा मला त्याची जास्त भीती वाटते. रविवारी तुला न्यायला येतोय, रक्त द्यायचंय, सबबी चालणार नाहीत. तोवर ती चटणी फेकून दे. कोंबड्यांनासुद्धा घालू नकोस.