पिल्लू रविवारी येणार

६ नोव्हेंबर, गुरुवार. दुपारी.
राही, लिही गो. वर तारीख टाक.
ही वही पिल्लाची आहे, माझी नाय. काल शेखरचा फोन आला. त्याच्या ऑफिसातल्या मित्राच्या कुत्रीला पिल्लं झालीत, पग जातीची. म्हणाला, आई, एक तुझ्यासाठी बोलून ठेवलंय, तुला सोबत होईल. मी म्हटलं, मला कशाला सोबत? भात झोडायचंय, पेंढा रचायचाय, मला मरायला टाइम नाय. पण लेकाचं मन मोडवेना म्हणून हो म्हटलं.
शेखर म्हणाला, पिल्लाचं सगळं लिहून ठेवावं लागतं. कधी खाल्लं, कधी इंजेक्शन दिलं. मला अक्षर येत नाय. गावात शाळा आली तेव्हा हाच शेखर माझ्या कडेवर होता. म्हणून समोरच्या घरातली राही भांडी आटपून येते नि मी सांगेन ते लिहिते. पिल्लू येईपर्यंत पानं कोरी राहू नयेत, तोवर माझं लिहायचं.
आयुष्यात मी दोन गोष्टी ठरवल्यात. घरात कुत्रं घ्यायचं नाय, आणि मुलाच्या फ्लॅटवर राहायला जायचं नाय. पहिली आज मोडली. दुसरी मोडायची नाय.
येत्या रविवारी शेखर, सून रेश्मा नि नात पूजा, तिघं पिल्लू घेऊन येणार. राहीने विचारलं, काकी, रविवार म्हणजे कितवी तारीख टाकू? मी म्हटलं, नुसतं रविवार लिही. शेखरचा शब्द आहे.

७ नोव्हेंबर, शुक्रवार.
रात्री पडल्या पडल्या सगळं जुळवलं. त्यांच्या आसनगावच्या बिल्डिंगपासून आमचं गाव गाडीने दीड तास. पिल्लू इथे असलं की पूजाला तिथे करमायचं नाय, दर रविवारी येईल. पूजा आली की रेश्मा येईल, वयात आलेल्या पोरीला एकटी कशी सोडेल. रेश्मा आली की गाडी चालवायला शेखर आलाच. म्हणजे वीतभर कुत्रं तीन माणसं ओढून आणणार. आमच्या बैलजोडीनेही एवढं ओढलं नव्हतं.
मला त्याचं काय नाय. पिल्लाला माणसांची सवय हवी म्हणून सांगते.
ओटीवर एक काळा कुत्रा पडलेला असतो, कान फाटलेला. गावाचा आहे, माझा नाय. उद्यापासून त्याला हाकलायचा.

९ नोव्हेंबर, रविवार. संध्याकाळी.
आले नाय.
बरोबरच आहे. पिल्लू अजून आईला पितंय. या हातांनी वाडीतल्या चाळीस बायका मोकळ्या केल्यात, मला कळत नाय होय? मीच शेखरला सांगणार होते की घाई नको. तो आधीच समजला. पहिल्यापासून हुशार.
पहाटे उठून ओटी सारवली ती काय वाया गेली नाय. काळा ओल्यातच जाऊन झोपला. चारी पावलं उमटलीत. हाकलणार होते, पण मग सारवण आणखी बिघडलं असतं.

१३ नोव्हेंबर, गुरुवार.
पिल्लासाठी गोधडी शिवायला घेतली. आमच्या ह्यांची दोन धोतरं ट्रंकेत होती. ते गेल्याला सहा वर्षं झाली, धोतरं काय ट्रंकेतून उठून कुठे जाणार होती? जुना कपडा मऊ असतो. नव्याने अंग सोलवटतं.
माप कळेना. म्हणून त्या काळ्याला आत बोलावून भुईवर गुंडाळून निजवला नि त्याच्याभोवती कोळशाने रेघ मारली. गोधडी त्याच मापाची झाली. राही म्हणाली, काकी, लहान जातीचं कुत्रं येतंय की घोडं? मी म्हटलं, बये, पिल्लू वाढतं.

१६ नोव्हेंबर, रविवार.
शेखर काल म्हणाला होता, जमलं तर येतो. जमलं तर म्हणजे येतो.
गावठी कोंबडा कापला. नव्या तांदळाच्या भाकऱ्या बारा. पूजाला माझ्या हातची खापरावरची लागते. पिल्लाला काय लागतं ते माहीत नाय, म्हणून पूजाला लागतं ते केलं.
दीडला फोन आला. रेश्माची मीटिंग निघाली. रविवारी कसली मीटिंग, असं राहीने विचारलं. मी म्हटलं, तू लिहायला येतेस की विचारायला?
मी नि राही जेवलो. हाडं काळ्याने नेली. भाकऱ्या आठ उरल्या.

१९ नोव्हेंबर, बुधवार.
पूजाने राहीच्या मोबाइलवर पगाचा फोटो पाठवला. डोळे बटाट्याएवढे, नाक आत गेलेलं, कपाळभर सुरकुत्या. पिल्लूच, पण माझ्या माहेरच्या कुणासारखं दिसतं. जन्मतःच सत्तर वर्षांचं. मी म्हटलं, आमचं जमेल.
राहीने बोट लावून फोटो मोठा केला. म्हणाली, काकी, खाली सोफा दिसतोय, तुमच्या शेखरच्या घरातला वाटतो. मी म्हटलं, सोफे काय, सगळ्यांकडे सारखेच असतात.
नाव तलाठी ठेवायचं ठरलं. बोलावलं तरी येत नाय.

२५ नोव्हेंबर.
वाडीतला दामू शेळ्या घेऊन चालला होता. दूध द्यायला सांगितलं, पिल्लाला म्हशीचं पचायचं नाय. म्हणाला, काकी, वैशाखऱ्याच्या डोंगराच्या अंगाला बिबट्या फिरतोय, तुमचं कुत्रं म्हणजे त्याला एक घास. मी म्हटलं, एवढ्याशा जीवासाठी बिबट्या डोंगर उतरून यायचा नाय. इथे सख्ख्या आईसाठी माणसं गाडीत बसून येत नायत.
राही, हे शेवटचं वाक्य खोड.

१ डिसेंबर, सोमवार.
एसटीने म्हसा गावाला जाऊन जनावरांच्या डॉक्टरला भेटले. पगाची निगा कशी राखायची ते विचारलं. तो म्हणाला, आजी, कुत्रा कुठाय? म्हटलं, येतोय. म्हणाला, आला की या. माझ्या मागे एकजण म्हैस घेऊन उभा होता, तो हसला. हसू दे. म्हैस तरी कुठे त्याच्या लेकाने पाठवली होती.
शेखर म्हणाला, इंजेक्शनं पुरी होऊ दे, मग आणतो. माझ्या हिशोबाने पिल्लू आता दोन महिन्यांचं. दात आले असतील.

७ डिसेंबर, रविवार.
नाय.

१४ डिसेंबर, रविवार.
पूजाची परीक्षा.
थंडी पडलीय. गोधडीला वास लागू नये म्हणून वापरात ठेवायची, तर काळा तिच्यावर निजतो. फक्त रात्री.

२१ डिसेंबर, रविवार.
शेखरने फोन उचलला नाय. गाडी चालवत असेल, इकडेच येत असेल, असं धरून दोन वाट्या जास्त भात टाकला. तो दुसरीकडे कुठे चालवत होता बहुतेक.
दामूच्या शेळीचं दूध रोज येतं. नासवू कसं? काळा पितो. तो माझा नाय हे मी त्याला पिताना सांगते.

४ जानेवारी, रविवार. रात्री आठ.
काल पौषातली पुनव, म्हशाची जत्रा लागली. लहानपणी शेखर या जत्रेसाठी आठ दिवस आधीपासून जेवत नसे. म्हणून मला खात्री होती. मीच त्यांना म्हटलं, घरी नका येऊ हवं तर, जत्रेत भेटू, मी बैलबाजाराच्या तोंडाशी उभी राहते.
दहापासून उभी राहिले. चारपर्यंत तीन बैल माझ्यासमोर दोनदा विकले गेले. एका दलालाने मला विचारलं, मावशी, तुमचा कुठला? म्हटलं, माझा यायचाय.
शेखर फोनवर म्हणाला, आई, ट्राफिक फार होतं म्हणतात, म्हणून निघालोच नाय.
पिल्लासाठी गळपट्टा घेतला. बैलांच्या घुंगुरमाळा गळ्यातून पायापर्यंत आल्या असत्या, म्हणून शेळीचा घेतला. लाल गोंडा नि चार घुंगरं. घरी येऊन आवाज कसा येतो ते बघायला काळ्याच्या गळ्यात बांधला. गाठ घट्ट बसली. उद्या सोडते.

८ जानेवारी.
गाठ सुटत नाय. डोळ्यांना नीट दिसत नाय आताशा.

१४ जानेवारी, बुधवार. संक्रांत.
तिळगूळ घ्या म्हणायला राहीच्या मोबाइलवरून व्हिडिओ लावला. पूजा सोफ्यावर होती, मांडीवर काहीतरी स्वेटर घालून घोरत होतं. तोच. माझ्या माहेरचा.
पूजा म्हणाली, आज्जी, हा ब्रूनो. मी विचारलं, कधी आला गो? म्हणाली, झाले की दोन महिने. तेवढ्यात शेखरने मोबाइल हातात घेतला नि म्हणाला, आई, तुझा आवाज येत नाय. मला त्याचा येत होता.
मी समजले. पिल्लू आधी तिथे ठेवून वळण लावतायत. हगण्यामुतण्याची शिस्त लावून, खायला शिकवून मग माझ्याकडे आणायचं. म्हातारीला त्रास नको म्हणून. एवढा विचार कोण करतो?
राही पेनाचं टोपण चावत बसली.

२० जानेवारी, मंगळवार.
शेखरचा फोन. आपणहून.
म्हणाला, आई, आमी तिघं सातला बाहेर पडतो ते रात्री आठला येतो. ब्रूनो दिवसभर रडतो. शेजारी कंप्लेंट करतात. डॉक्टर म्हणाले, ही जात एकटी राहूच शकत नाय. एकटं पडलं की जेवत नाय, दाराकडे बघत बसतं, मनाला लावून घेतं, आजारी पडतं. पुढे म्हणाला, आई, एवढासा जीव, बंद घरात, कुणी बोलायला नाय. तुला कल्पना नाय गो.
मी म्हटलं, नाय बाबा. मला कुठून असणार?
मग म्हणाला, तू येशील का? चार दिवस. मग मीच तुला सोडतो, रविवारी.
मी सांगितलं, विचार करून कळवते. विचार केला. चुलीवरचा चहा उतू जायच्या आत कळवलं.
फ्लॅटवर राहायला जायचं नाय हे माझं ठरलेलंच आहे. हे राहणं नव्हे. हे कुत्र्याचं बाळंतपण.

२४ जानेवारी, शनिवार. सकाळी.
राही, पटापट लिही, तो गाडी वळवतोय.
तीन महिने त्याला रस्ता सापडत नव्हता, आज साडेसातला दारात. चहा टाकते म्हटलं, तर म्हणाला, नको, ब्रूनो घरी एकटा आहे. पिल्लाला निजवायची टोपली नि गोधडी घेतली, तर म्हणाला, आई, त्याला तिथे बेड आहे. राहू दे.
राहीने तिचा जुना मोबाइल दिलाय. लाल गोल दाबून बोलायचं, ती इथे ऐकून वहीत उतरवणार. काळ्याला दूध घालायला सांगितलंय. त्याच्यासाठी नाय, दामूचं रोजचं गिऱ्हाईक तुटू नये म्हणून.

२७ जानेवारी, मंगळवार. दुपारी.
राही, ऐकू येतं का? लाल गोल दाबलाय.
तिसरा मजला. शनिवारी निघाले तेव्हा काळा गाडीमागे डांबरीपर्यंत धावत आला, घुंगरं वाजवत. शेखरने आरशात बघून विचारलं, आई, कुणाचं गो ते कुत्रं? मी म्हटलं, गावाचं.
ब्रूनोला मी तलाठी म्हणते. बोलावल्यावर येतो, नाव बदलायला हवं. भाकरी हुंगून सोडतो, त्याचा गोळ्यांचा खाऊ डब्यात असतो, वाटीने मोजून द्यायचा. माझं जेवण फ्रीजमध्ये झाकून ठेवलेलं असतं. दुपारभर आमी दोघं दाराकडे तोंड करून बसतो. लिफ्ट वाजली की दोघांचे कान उभे राहतात. लिफ्ट पुढे जाते. मग तो घोरतो नि मी तुझ्याशी बोलते.
काल रात्री शेखर आला, आधी त्याला उचललं. मला विचारलं, आई, हा जेवला का? मी म्हटलं, जेवला. आमी दोघं जेवलो असं सांगणार होते, तोवर तो त्याला फिरवायला खाली गेला.
बाकी मजेत. तिघं सात वाजता निघून जातात, रात्री येऊन मोबाइल बघतात. भरलं घर आहे.

१ फेब्रुवारी, रविवार.
सकाळीच पिशवी भरून सोफ्यावर बसले. अकराला शेखर म्हणाला, आई, आज पूजाच्या मैत्रिणीकडे जायचंय, ब्रूनोला एकटं कसं ठेवू? पुढच्या रविवारी नक्की सोडतो. मी म्हटलं, अरे, मला कसली घाई? तिकडे माझं कोण वाट बघतंय?
ती तिघं गेल्यावर राहीचा फोन आला. म्हणाली, काकी, तो काळा तुमच्या बंद दारासमोर बसलाय आठ दिवस. दूध तोंडाला लावत नाय. कुणाची चाहूल लागली की उठतो नि परत बसतो. मागून घुंगरं ऐकू येत होती.
मी म्हटलं, दार उघड, गोधडी बाहेर टाक त्याला. आणि सांग, काकी येते रविवारी.
राहीने विचारलं, कितवी तारीख सांगू?
मी म्हटलं, तारीख नको. त्याला नुसतं रविवार सांग.