राखेचे दोन थर

३ डिसेंबर
लॅबचा मेल आला. स्टाफरूममध्ये उघडला, मिटला, परत उघडला. गारगोटीकडच्या टेकडीतली राख आणि बेळगावकडच्या ओढ्यातली राख एक नव्हे. राखेतल्या झिरकॉन खनिजाच्या दाण्यांवरून दोन्ही थरांचं वय काढलंय, मधे कोट्यवधी वर्षांचं अंतर. चूकभूल धरली तरी मिटत नाही.
सरांचं सगळं आयुष्य या दोन थरांवर उभं आहे. ज्वालामुखी एक, राख एक, म्हणून दोन्हीकडचे खडक एका वयाचे. पुस्तक आहे त्यांचं यावर, आणि आता आम्हा दोघांच्या नावानं पेपर निघायचाय. मी पीएच.डी. त्यांच्याच हाताखाली केली. आता उठून बसायलासुद्धा त्यांना काकूंचा हात लागतो.
सांगायचं कसं

४ डिसें.
सेकंड इयरचा तास. नेमका राखेचाच धडा. राख लांबवर उडते, पण थोड्या काळात पडून संपते, म्हणून दूरदूरच्या खडकांत तोच थर सापडला की वय जुळतं, असं सांगत होते. पुढच्या बाकावरची पोरगी म्हणाली, "मॅडम, पण त्योच थर हाय कशावरनं? सगळी राख पांढरीच दिसत असंल की."
चांगला प्रश्न. मी फळा पुसत राहिले.

७ डिसें.
शिवाजी पेठेत सरांकडे गेलते. कुठल्यातरी तालमीच्या संघानं फुटबॉलची मॅच जिंकलेली, गल्लीभर फटाके. सर फार वाळलेत. दिवसाआड डायलिसिस. मला बघून पहिला शब्द, "आलं काय गं?"
त्यांच्या मागून काकूंनी मान हलवली. नको.
"न्हाई सर. वेळ लागणार म्हणतात."
"मी हाय तवर येऊ दे म्हणावं."
स्वयंपाकघरात काकू हळू बोलल्या. "तुझ्या तोंडावरनंच कळलं मला. सांगू नगंस, सुनंदा. तेवढ्यावरच जगाय लागल्यात ते."
चहा तसाच ठेवून आले.

१० डिसें.
नमुन्यांची अदलाबदल नाही, लॅबनं परत तपासून कळवलं. तीही आशा गेली.
उचगावला आईला सगळं सांगितलं. म्हणाली, "म्हाताऱ्या माणसाला कशाला त्रास? गप बस की." गप बसणंच जमत नाही. ती सवय सरांनीच घालवली.

१४ डिसें.
सांगितलं.
सरांनी आकडे दोनदा विचारून घेतले. मग, "टेकडीवरचा नमुना कुठनं घेतलास?"
"रस्त्याच्या कडेच्या पट्ट्यातनं, सर."
"चुकलीस. त्याच्या वर आणि एक पट्टा हाय, बारका. ओढ्याशी जुळतो तो वरचा. खालचा कशाला घेतलास?"
वर दुसरा पट्टा मला आठवत नाही. पुस्तकातही एकच आहे. तसं बोलले. बोलायला नको होतं.
"तुझ्या जन्माआधीपासनं चालतोय मी त्या टेकडीवर! वरचा घिऊन ये. न्हाईतर माझ्या दारात येऊ नगंस."
काकू दारापर्यंतसुद्धा आल्या नाहीत.

१७ डिसें.
रजा टाकून गारगोटीला. बिद्रीच्या साखर कारखान्याअलीकडून उसाच्या ट्रॉल्यांची रांग, गाडी सरकेना.
पोचले तर टेकडीचा कडाच नाही. रस्ता रुंद केलाय. कडा खरवडून पायथ्यापासून वरपर्यंत सिमेंटची भिंत. मी बोटांनी भिंतीच्या फटी चाचपत होते, वेड्यासारखी. कामावरच्या मुकादमानं विचारलं, "काय हरवलंय काय ताई?"
"इथं पांढरी माती होती."
"व्हय, होती की. भरावाला गेली सगळी."
"पट्टा एक होता का दोन?"
"आमी कुठं बघतोय ताई? जेसीबीनं वडली."
घरी येऊन जुने फोटो काढले. खालचा पट्टा स्पष्ट, शेजारी माझा हातोडा. वर झुडपाची सावली. सावलीत काहीतरी फिकट आहे. किंवा मलाच ते तिथं हवंय.

२१ डिसें.
काकूंचा फोन. सर डायलिसिसला जायला तयार नाहीत. "तुझ्यावर रागावल्यात, पण तुझंच ऐकतील. ये बाई."
गेले. त्यांनी डोळे न उघडता विचारलं, "मिळाला वरचा?"
भिंतीचं सांगितलं. फोटोतल्या सावलीचंही.
"म्हंजे आता तू खरी का मी, कोण सांगणार?"
"ते राहू दे सर. आधी दवाखान्यात चला."
"कशाला?"
मी त्यांच्या पायांवरचं पांघरूण नीट केलं. पाय सुजलेत. मी निघताना सर म्हणाले, "पेपर छाप. माझं नाव काढ त्यातनं."

२३ डिसें.
पेपर लिहून झालाय. नाव काढलेलं नाही. शेवटी एक वाक्य घातलंय, 'वरच्या बाजूस दुसरा थर असण्याची शक्यता नाकारता येत नाही.' पुरावा काय, तर एक सावली आणि आजारी माणसाचा शब्द. दुसऱ्या कुणाच्या पेपरात हे वाक्य दिसलं असतं तर मी लाल रेघ मारली असती.
सकाळी खोडलं. दुपारी परत घातलं.
काकूंना फोन केला. "दवाखान्याला आजबी न्हाईच म्हणाले," एवढंच बोलल्या. मागून सरांचा आवाज, कोण हाय म्हणून विचारणारा. काकूंनी माझं नाव सांगितलं. पुढं सर काय म्हणाले ते ऐकू आलं नाही.
उद्या जाते. पेपरची प्रिंट नेऊ का नको