जाड पिनांचा प्लग

दादा, काल माझ्या घरी एसी बसवायला आलेल्या माणसानं जाड पिनांचा प्लग बघितला, भिंतीतलं बारीक सॉकेट बघितलं आणि म्हणाला, "मॅडम, अडॅप्टर लावतो, चालून जाईल." मी त्याला मीटरपासून वेगळी वायर ओढायला लावली. तोंड वाकडं करत त्यानं ती ओढली. तो गेल्यावर तुम्हाला लिहायला बसले आहे.

पन्नास वर्षं होत आली. जालन्यातल्या आपल्या दोन खोल्यांत एकच बोर्ड होता. दोन दिवे, रेडिओ आणि पाच अँपियरचं एक सॉकेट. तुम्ही वायरमन, गावोगाव लोकांच्या घरी वायरिंग करत फिरायचात, आणि आपल्या भिंतीवरची वायरची जुनी लाकडी पट्टी तशीच राहिली होती. आईला दमा. चुलीचा धूर बंद झाला नाही तर औषधाचा उपयोग नाही, असं डॉक्टरांनी बजावलेलं. मी, तुमची लेक, बी.एस्सी. होऊन नुकतीच शाळेत विज्ञान शिकवायला लागले होते. मी विजेची शेगडी घेऊन आले. तुम्ही प्लगच्या पिना अंगठ्यानं चाचपल्यात. "ही पंधराची हाय, आपली लाइन पाचाची. आठ दिस थांब, नवी वायर वढतो, अर्थिंग करतो."

"आठ दिवस आईनं धूर खायचा? लोकांच्या घरी जल्दी, आणि आपल्याच घरी थांब?" मी म्हणाले. तुम्ही दुसऱ्या दिवशी हसनाबादला कामावर गेलात.

तुम्ही गेल्यावर मी प्लग कापला, वायरची टोकं सोलून सॉकेटात घातली आणि आगपेटीच्या काड्या खोचून घट्ट केली. घरोघर लोक तसंच करायचे. फ्यूज उडाला. मी त्यात जाड तार घातली. फ्यूज का उडतो, हे त्याच आठवड्यात मी सातवीला शिकवलं होतं. शेगडी लाल होते. आई भाकरी टाकते आहे, एकदाही खोकत नाही, आणि मी नुसती तिच्याकडे बघत उभी आहे. वास आला तेव्हा लाकडी पट्टी काळी पडत चालली होती. मी मेन स्विच पाडला आणि आईला सांगितलं, लाइट गेली.

संध्याकाळी तुम्ही फ्यूज उघडलात, ती तार काढून खिशात टाकलीत. आईनं विचारलं, "काय झालं हो?"

"माझंच जुनं काम. जोड ढिला राह्यल्ता."

"बाई बाई! वायरमनच्या घरात वायर जळली!"

"हास, हास. हासायला दम हाय, हे काय कमी हाय?"

मला मात्र अंगणात बोलावलंत. "तार का घातली?"

"आईसाठी."

"तिच्यासाठीच फ्यूज उडाल्ता," एवढंच म्हणालात.

दुसऱ्या दिवशी तुम्ही कामावर गेला नाहीत. मोरीमागे अर्थिंगसाठी खड्डा खणलात, तळाशी पत्रा पुरलात, कोळसा आणि मीठ भरलंत. आई दारात येऊन म्हणाली, "जमिनीला मीठ चारून राह्यले का?" "लोणचं घालतो तिचं," तुम्ही म्हणालात. तिसऱ्या दिवशी पंधराचा पॉइंट तयार झाला, आणि चूल विझली ती विझलीच.

पुढं कितीतरी वर्षं आई प्रत्येक पाहुण्याला सांगायची, "हे लोकाची घरं उजळीत फिरले, अन् आपलं जाळायला निघाल्ते." तुम्ही बशीतला चहा पीत हसायचात. मी तिथंच वह्या तपासत बसलेली असायची. तुम्ही गेल्यावर, पुण्यानुमोदनाच्या दिवशीही तिनं रडत-हसत तेच सांगितलं. वर्गात खोटं बोलणाऱ्या मुलांना बाकावर उभं करणारी मी, लोकांना पाणी देत फिरले.

आता आईही नाही. हे पत्र कुठं पाठवायचं नाही, म्हणून लिहिते. तुम्ही दोघं त्यावर हसत होतात म्हणून मी गप्प राहिले, असं मी स्वतःला सांगत आले. तसं नव्हतं. मला लाज वाटत होती, आणि माझं तुम्ही अंगावर घेतलंत, ते मला सोयीचं होतं.