पदराच्या टोकाची गाठ

आत्याबाई, ती साडी आज पलंगावर काढून ठेवली आहे. माझी असली तरी जपली तुम्हीच, म्हणून तुम्ही गेलात तरी पत्रातून तुम्हालाच विचारते आहे. उद्या तुमच्या नातीचा साखरपुडा. आईनं हीच साडी नेसायची म्हणून ती हट्टाला पेटली आहे. वैजापूरहून आलेल्या जाऊबाईंनी मात्र सकाळीच चहाची बशी खाली ठेवत सुनावलं, "लाल काठ? आन् तेबी वरीस सरलं न सरलं तंवर? लोकं तोंडात शेण घालतील." तुमचा मुलगा गेला त्याला गेल्या महिन्यात वर्ष झालं. म्हणजे आता मीही तुमच्याच पंक्तीला येऊन बसले. सवाष्णींच्या घोळक्यात उद्या लाल काठ अंगावर घेऊन उभं राहायचं की तुमच्यासारखं मागच्या खोलीत बसायचं, एवढंच ठरवायचं आहे, आणि ते काही केल्या ठरत नाही.

साडी आली तो दिवस मला स्वच्छ आठवतो. सिडकोतल्या घरासमोर राहणारी बंगाली वहिनी, नवऱ्याची बदली झाली म्हणून निरोप घ्यायला आली होती. तुम्ही स्वयंपाकघरात मेथी निवडत बसलेल्या. तिनं सायीच्या रंगाची, रुंद लाल काठाची साडी काढली आणि तिथंच मला नेसवायला घेतली. पुढं मोठमोठ्या सपाट घड्या, पदर डाव्या खांद्यावरून मागं, मग उजव्या काखेखालून परत पुढं घेऊन खांद्यावर टाकलेला, आणि त्याच्या टोकाला आपल्याच कपाटाच्या किल्ल्यांचा जुडगा बांधलेला. "असली रेशीम नाय हां, दिसते रेशीम," ती प्रामाणिकपणे म्हणाली. तुम्ही मान वर केली. "पांढरं? भरल्या कपाळाच्या बाईनं? काढ आधी ते." वहिनी हसली, म्हणाली, आमच्याकडे लग्न झालेल्या बायकाच हे नेसतात. "तुमच्यात नेसत असतील. आमच्यात नाय." तुमचं 'नाय' म्हणजे कुलूपच, त्यापुढं कोण बोलणार? मी गुपचूप साडी सोडली. मला राग आला होता, आत्याबाई, फार राग आला होता.

आता ही जाणार बोहारणीच्या पाटीत, असं मी धरून चालले होते. पण तुम्ही ती जुन्या मऊ धोतरात गुंडाळून तुमच्या कपाटात ठेवलीत. अधूनमधून बाहेर काढायची, मागच्या ओसरीत सावलीला वाळत टाकायची, उन्हाची तिरीप आली की दोरीवरून सरकवायची, घडी उलटी घालायची म्हणजे एकाच रेघेवर कापड चिरत नाही, कडुनिंबाचा पाला बाजूला ठेवायचा पण कापडाला लागू द्यायचा नाही. एकदा धुतली तीही रिठ्याच्या पाण्यात, आणि पिळली नाहीच. इस्त्री करताना वरून सुती फडकं घालायला मला शिकवलंत. मी म्हटलं, अहो, खोटं रेशीम आहे, नळाखाली धुतलं तरी चालेल. "दिसतंय ना रेशमागत? मंग रेशमागतच वागवायचं त्येला." मला हसू आलं होतं. जी साडी कोणी नेसणारच नाही तिचे एवढे लाड कशाला, असं वाटायचं.

मग ती शनिवारची दुपार. मी शहागंजात भाजीला निघाले आणि पिशवी विसरली म्हणून कोपऱ्यावरून परत आले. अंगणातून खिडकीत सहज नजर गेली. तुम्ही कपाटाच्या आरशासमोर उभ्या आहात. अंगावर ती साडी, घड्या अगदी वहिनीनं घातल्या तशा, खांद्यावर किल्ल्या. मोकळं कपाळ आणि तो लाल काठ. तुम्ही कडेनं वळून स्वतःकडं बघताय, मान थोडी वर. किती सुंदर दिसत होता तुम्ही! मामंजी गेले तेव्हा तुम्ही माझ्या आजच्या वयाच्याही नव्हता, हे तोवर माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. मी पाऊल न वाजवता मागं फिरले. भाजी पदरात घेऊन आले तर तुम्ही दारातच धरलंत, "पिशवी घरी आन् तू शहागंजात! डोकं कुठं ठिवती गं?" तुम्ही रोजच्या करड्या लुगड्यात होता.

पुढं इस्त्रीला साडी हातात आली की पदराच्या टोकाला गाठीची चुणी दिसायची. मी ती दाबून काढायचे, आणि पुढच्या खेपेला पुन्हा ताजी असायची.

एवढं लिहिता लिहिता माझं ठरलं. उद्या मी नेसणार, आणि पहिल्या रांगेत उभी राहणार. जाऊबाईंना सांगेन, सासूबाईंची साडी आहे, त्याच नेसत होत्या. किल्ल्यांचा जुडगा आता राहिला नाही, लेकीनं तिच्या स्कूटीची किल्ली देऊ केली आहे. पत्र साडीच्या घडीत ठेवणार होते, पण ती घडी तर उद्या मोडायची आहे. राहू दे माझ्यापाशीच.

एक मात्र सांगून टाकते. दर शनिवारी मी उशिरा येते म्हणून तुम्ही शेवटपर्यंत बोललात, "शहागंज इकत घेती का काय?" भाजी घ्यायला कितीसा वेळ लागतो, आत्याबाई? ती घेऊन झाली की मी पिशवी मांडीवर धरून तिथंच एका दुकानाच्या पायरीवर बसून राहायचे, तुमचं नेसून होईपर्यंत.