सुई की आरमार

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? (जिना उतरताना कठडा धरतेस ना? नाही धरत, ठाऊक आहे मला.) आम्ही इकडे सुखरूप, म्हणजे हातपाय शाबूत आहेत.

आमच्या वाचनमंडळात आम्ही पाचच जण: घरातले आम्ही तिघं, दंतवैद्य आणि पोस्टमास्तरीणबाई. यंदा दोन इतिहासग्रंथ पुढे आले, एक आरमारांचा आणि एक सुईचा. आरमार हवं होतं माझ्या सासऱ्यांना. चाळीस वर्षं जहाजांची इंजिनं सांभाळलेला माणूस. सुई हवी होती त्यांच्याच लेकीला, म्हणजे तुझ्या भावजयीला, जिचा शिवणाचा धंदा आहे. सासरे म्हणाले, "सुईने कधी राज्य जिंकलंय का?" ही म्हणाली, "मग तुमच्या जहाजांची शिडं काय डिंकाने चिकटवली होती?" झालं! बारा दिवस बापलेकीचा अबोला. एकाच टेबलावर वीतभर अंतरावर बसून "त्यांना मीठ सरकवायला सांगा" हे माझ्यामार्फत. शिवाय दोघांनीही मला एकटं गाठून मत मागितलं आणि मी दोघांनाही हो म्हणालो. (मी लहानपणापासून असाच, हे लिहून कळवू नकोस.)

मतदानाच्या चिठ्ठ्या दंतवैद्यांच्या कापसाच्या डब्यात टाकल्या. दंतवैद्य उघडपणे आरमाराचे, पोस्टमास्तरीणबाई सुईच्या. डबा उघडला तर आरमार दोन, सुई दोन, एक कोरी. जन्मभर लोकांची अक्षरं लावत आलेल्या पोस्टमास्तरीणबाईंनी चिठ्ठ्या निरखल्या आणि म्हणाल्या, "अहो, ही 'सुई' तर आजोबांच्या अक्षरात आहे! आणि 'आरमार' त्यांच्या लेकीच्या!"

सासरे खिडकीकडे बघत म्हणाले, "तुझी आई मला घ्यायला धक्क्यावर यायची ना, तेव्हा तिच्या पिशवीत सुईदोरा असायचा. माझी तुटलेली बटणं तिथेच लावायची."

ही म्हणाली, "आणि मला बघायचं होतं, तुम्ही घरी नसायचात तेव्हा कुठे होतात ते."

दोघं हातात हात घालून घरी निघाली. मागून दोन्ही ग्रंथांचे ठोकळे काखेत मारून मी. (कोरी चिठ्ठी कोणाची, हे विचारायचीही कोणाला गरज वाटली नाही.)

तुझा,
धाकटा

ता. क. मंडळाने मला कोऱ्या चिठ्ठीबद्दल शिक्षा ठोठावली आहे. येत्या रविवारी दोन्ही ग्रंथांवर मी बोलायचं. तू तीस वर्षं इतिहास शिकवलास. दोन-दोन पानांत सार लिहून उलट टपाली धाड. गुडघ्यांची चौकशी मात्र मनापासून केली होती.

आणखी एक. कोरी चिठ्ठी म्हणजे माझा मुत्सद्दीपणा, असं सगळे समजतात. खरं तर पेन उमटलं नाही. काय लिहीत होतो, ते तुलासुद्धा सांगणार नाही.