सुनंदाबाईंच्या उतरलेल्या तारा

बीड, गुरुवार संध्याकाळ

सुनंदाबाई आता येणार नाहीत, असंच मी दुपारपर्यंत धरून चालले होते. पन्नाशीच्या बाई, नेकनूरचं किराणा दुकान सांभाळून एसटीने गिटार शिकायला येतात. मागच्या गुरुवारी त्यांच्या सहाही तारा उतरलेल्या दिसल्या आणि मी चारचौघींत बोलले, "तारा लावता येत नाहीत, तर वाजवणार काय?" एवढं बोलायची गरज होती का?

आज आल्या. तारा तशाच उतरलेल्या. मी तोंड उघडायच्या आत म्हणाल्या, "म्याडम, चुकून उतरल्या न्हाईत ह्या. आमच्या भजनाची पेटी जुनी हाय, अर्धा सूर खाली बोलती. तिला मिळवून लावल्यात. सोमवारी महादेवाम्होरं वाजवायचं हाय."

"मग तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"तुमी बोलू देता व्हय?"

सगळ्या हसल्या. मीही.

तपासून पाहिलं. सहाही तारा नेमक्या अर्ध्या सुराने खाली. बाईंचा कान एवढा तयार झाला आणि मला पत्ता नाही! इतकी वर्षं शिकवते, पण गावच्या भजनात गिटार नेणारी ही पहिलीच.

मलाही बोलावलंय. जाणार. आताच माझ्या गिटारच्या तारा अर्धा सूर उतरवून ठेवल्या.